आग लावली की गार होणारा जावई

आमच्या गाडीतला फ्रिज आग लावली की गार होतो. हे वाक्य मी आजवर ज्यांना ज्यांना ऐकवलं, त्या सगळ्यांनी आधी फ्रिजकडे पाहिलं, मग आमच्या ह्यांच्याकडे, आणि शेवटी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं. मी त्यांना दोष देत नाही. मलाही लग्नाला चौतीस वर्षं झाल्यावर कळलं की गॅसवर फ्रिज चालतो, आणि तो आपल्याच घरात येणार आहे.

आमचे हे, म्हणजे श्रीकांत, नाशिकच्या एका कारखान्यातून इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसं गीता वाचतात, बागेत फिरतात. ह्यांनी एक मोडीत निघालेली अ‍ॅम्ब्युलन्स विकत घेतली, तिच्यात पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवली आणि तिला फिरतं घर केलं. वरून पांढरा रंग दिला, पण तिरक्या उन्हात आतली जुनी अक्षरं अजून दिसतात. फ्रिज गोव्याच्या एका भंगारवाल्याकडून आणला. कुणा परदेशी जोडप्याच्या गाडीतला होता म्हणे.

त्या फ्रिजचे नखरे मी थोडक्यात सांगते. तो तीन हातही उंच नाही, पण त्याला बसायला अगदी सपाट जागा लागते. गाडी जरा कलली की तो गार व्हायचं थांबतो. मागे त्याची निळी ज्योत असते, तिला वारा सोसत नाही आणि कोंडलेली हवाही सोसत नाही. चालत्या गाडीत गॅस बंद करून त्याला बॅटरीवर ठेवायचं, म्हणजे तो नवीन काही गार करत नाही, आहे तेवढं कसंबसं धरून ठेवतो. दार सारखं उघडलं की रागावतो. गार व्हायला आठ तास, रुसायला आठ मिनिटं. मी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव जावईबापू ठेवलं. ह्यांना ते आवडलं नाही, पण नाव बसलं.

आता ह्या जावयाला घेऊन आम्ही डहाणू-तलासरीला का गेलो, ते सांगते.

अण्णा, म्हणजे माझे सासरे, तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. तरुणपणी ते तलासरीजवळच्या एका पाड्यावर आठ वर्षं मास्तर होते. सासूबाई गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, ते काही मागायचेच बंद झाले होते. ताटात वाढलं ते थोडं खायचे, थोडं बाजूला सारायचे. काय हवं विचारलं की म्हणायचे, "काही नको, बेटा." घरात एक माणूस असं काही नको म्हणत बसलं की बाकीच्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. आणि मग त्या २०१७ च्या फेब्रुवारीत एका सकाळी ते आपण होऊन म्हणाले, "तलासरीची नीरा एकदा मिळाली असती तर बरं झालं असतं."

झालं! सगळं घर कामाला लागलं.

नीरा म्हणजे ताडाच्या झाडातून रात्रभर मडक्यात ठिबकलेला रस. पहाटे उतरवला की गोड, पौष्टिक, लहान मुलांनाही चालतो. ऊन चढलं की तोच रस आंबतो, फसफसतो आणि त्याची ताडी होते. अण्णा म्हणजे कडक निर्व्यसनी माणूस. सुपारीसुद्धा नाही. त्यामुळे नीरा हवी, पण नीराच हवी. पुतण्याने शहरातल्या केंद्रावरून आणली. अण्णांनी एक घोट घेतला आणि फुलपात्र खाली ठेवलं. "साखरेचं पाणी." मग एका ओळखीच्याने थेट तलासरीहून बर्फात घालून आणली. पुन्हा एक घोट, पुन्हा फुलपात्र खाली. "ही नव्हे. तिथली नीरा जिवंत होती."

ह्यांच्यातला मेकॅनिक जागा झाला. "जिवंत म्हणजे ताजी. ताजी म्हणजे झाडावरून उतरल्या क्षणापासून चार अंशावर. बर्फात पाणी मिसळतं, म्हणून चव जाते. उषा, आपला फ्रिज!"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही निघालो.

नरपड

डहाणूच्या उत्तरेला, समुद्राला लागून नरपड. एका बाजूला वाळत घातलेले बोंबील, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या, आणि मधल्या रस्त्यावर दोन्ही वास एकमेकांशी भांडतात. ह्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याची बहीण हंसाबेन तिथे राहते. तिच्या वाडीत गाडी लावायची परवानगी आधीच घेतली होती. साठीची, ठसठशीत बाई. मराठी बोलता बोलता गुजरातीत शिरते आणि परत यायचं विसरते.

"हा फ्रिज गॅसवर चालते?" तिने कमरेवर हात ठेवून विचारलं.

ह्यांनी समजावून सांगितलं. ज्योतीने अमोनिया तापतो, तो वर चढतो, थंड होतो, खाली येतो, येताना उष्णता शोषतो. दहा मिनिटं. हातवाऱ्यांसकट.

"बरं बरं," हंसाबेन म्हणाली. "मग तुमची शेगडी काय बरफावर चालते?"

त्यावर मी इतकी हसले की ह्यांनी जेवेपर्यंत माझ्याशी बोलणं टाकलं.

जेवणात तांदळाची पातळ भाकरी, कैरी घातलेलं बोंबलाचं कालवण, आणि शेवटी चिकू. चिकू म्हणजे कापून बशीत घातलेला नव्हे. आमच्याकडे नाशिकला आम्ही चार फोडी करतो, काटे-चमचे देतो. इथे हंसाबेनने दोन्ही अंगठ्यांनी फळ दुभंगलं आणि अर्धं माझ्या हातात ठेवलं. सालीला तोंड लावून खायचं. हनुवटीवर ओघळ आल्याशिवाय चिकू खाल्ला असं इथे कुणी मानत नाही. अण्णा घरी चिकू असाच खात आणि सासूबाई त्यांना गावठी म्हणत, ते मला तिथे आठवलं.

दुपारभर हे फ्रिजमागे बसून काडी लावत होते आणि समुद्राचा वारा ती विझवत होता. एक काडेपेटी संपली. दुसरी अर्धी झाली. हे म्हणाले, "वारा पश्चिमेचा आहे." समुद्रही पश्चिमेलाच होता, पण मी गप्प बसले. हंसाबेन ओट्यावरून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. तिने मागच्या दारचा एक झाप, म्हणजे माडाच्या झावळीची विणलेली चटई, ओढत आणला आणि गाडीपासून दोन हातांवर तिरका टेकवला. "एकदम जवळ नको लावू भाई. धूर गुदमरते. माझी सासू चूल अशीच राखायची."

काडी ओढली. ज्योत उभी राहिली. हे म्हणाले, "बघ, मी म्हणत होतो." काय म्हणत होते, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिज उघडला तर आत कोमट. ज्योत निळीशार जळत होती, पण वाडी समुद्राकडे उतरती आणि आमची गाडी वाडीसारखीच उतरती. जावईबापूंना बैठक पसंत नव्हती.

गंजाड

गंजाडला आम्ही काही बघायला थांबलो नाही. ह्यांना रस्त्यावरून एक खळं दिसलं. शेणाने सारवलेलं, भात झोडून झाल्यावर मोकळं पडलेलं, चांगलं ऐसपैस. "सपाट!" हे एवढ्या जोरात ओरडले की मला वाटलं कुणी ओळखीचं भेटलं.

खळं कमळाबाईंचं. चार एकर भात, दोन बैल, आणि मुलगा मुंबईच्या बाजूला कामाला. परवानगी मागितली तर म्हणाल्या, "लावा ना. पण दवाखान्याची गाडी हाय का? माझा गुडघा दुखतो." मी माझ्याकडची वेदनेवरच्या मलमाची ट्यूब त्यांना दिली. ह्या गाडीतून फिरायचं म्हणजे एवढं करावंच लागतं.

ह्यांनी मोबाईलवर उतार मोजायचं यंत्र उघडलं, फ्रिजवर ठेवलं आणि मग चाकांखाली फळ्या सारणं सुरू झालं. पुढचं डावं वर, मागचं उजवं वर, पुढचं परत खाली. मी गाडी चालू करून पुढे-मागे घेत होते. तासाभराने मोबाईल म्हणाला शून्य. ह्यांनी मोबाईल फिरवून ठेवला, तर तोच मोबाईल म्हणाला दोन. माझ्या नाकी नऊ आले होते.

कमळाबाई मघापासून सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या उठल्या, एक परात आणली, पाण्याने काठोकाठ भरली आणि मला म्हणाल्या, "बाय, त्या पेटीवर ठेव." परात फ्रिजवर ठेवली. पाणी एका बाजूने सांडलं. त्यांनी वाकून एकदाच पाहिलं.

"ह्या अंगाचं मागलं चाक वर हाय. दोन बोटं."

"मग बाकीची तीन उचलायला हवीत," हे म्हणाले आणि फळ्या मोजू लागले.

"तीन कशाला? एकाच्या खालची माती काढा." त्यांनी कुदळ आणली. "भाताच्या आवणीच्या आधी वाफा सपाट करतों ना आमी, तवा खड्डा भरत बसत नाय. उंचवटा काढतों. पाणी सांगतं तितकं ऐकायचं."

चाकाखालची दोन बोटं माती काढली. परातीतलं पाणी काठाशी चारी बाजूंनी सारखं उभं राहिलं. ह्यांनी मोबाईल ठेवून पाहिलाच. शून्य. फिरवला. शून्य. ह्यांनी वही काढून काहीतरी लिहिलं. नंतर मी चोरून वाचलं: "चढवू नये, उतरवावे. क. बाई."

सकाळी फ्रिजच्या साच्यात बर्फ होता. खरा, कडक, बारा खडे! मी एक खडा कमळाबाईंच्या हातावर ठेवला. त्यांनी तो गुडघ्यावर धरला आणि म्हणाल्या, "आगीनं केलेला बरफ. उद्या सांगेन तर कोण खरं मानेल?"

विवळवेढे

विवळवेढ्याची महालक्ष्मी हायवेच्या अगदी जवळ आहे. यात्रा अजून लांब होती, पण मंगळवार असल्याने गर्दी होती. घरी देवाला जाताना आम्ही अंघोळ, सोवळं, उपास असलं सगळं करतो. इथे लोक शेतावरून उठून आल्यासारखे येतात, देवीशी दोन शब्द बोलतात आणि बाहेर बसून भजी खातात. मला ते आवडलं. मीही देवीला सरळ सांगितलं, "आई, म्हाताऱ्याच्या तोंडाला चव येऊ दे. आणि ह्या फ्रिजला अक्कल."

बाहेर येऊन बघते तर आमच्या गाडीभोवती वीस माणसं. सकाळचं तिरकं ऊन बरोबर गाडीवर पडलं होतं आणि जुनी अक्षरं स्वच्छ उमटली होती. पायरीवरून पडलेल्या एका पोक्त बाईला दोघांनी धरून आणलं होतं. घोटा टम्म सुजलेला. हे सगळ्यांना सांगत होते, "अहो, ही अ‍ॅम्ब्युलन्स नाही, हे घर आहे." कोण ऐकतंय? त्या बाई वेदनेने कळवळत म्हणाल्या, "घर तर घर, पण बसू द्या ना भाऊ."

मी त्यांना आत पलंगावर बसवलं. फ्रिज उघडला आणि उरलेले अकराच्या अकरा खडे टॉवेलात बांधून घोट्यावर ठेवले. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दोन दिवसांची तपश्चर्या टॉवेलातून ठिबकत होती. पण तोंडाने ब्र काढला नाही. शेवटी रिक्षा मिळाली, आणि बाईंकडे काळजीने बघणारा त्यांचा नवरा म्हणाला, "भाऊ, तुमच्या फ्रिजला देवी सुखी ठेवो." फ्रिजला आशीर्वाद मिळालेला मी पहिल्यांदाच ऐकला.

हे मात्र नंतर गाडी चालवताना दहा मिनिटांनी म्हणाले, "दार फार वेळ उघडं राहिलं."

तलासरी

जान्याकाका अण्णांचे विद्यार्थी. आता पासष्टीचे, आणि अजून ताडावर चढतात. त्यांचा बापूस म्हणजे वडीलही हेच करायचे. पाडा हायवेपासून आत आहे. गाडी दिसल्यावर सगळ्यात आधी त्यांनी विचारलं, "गुरुजी कसे हात?" मी म्हणाले, बरे आहेत, पण जेवत नाहीत. मग त्यांच्या बायकोने, सुकरीबाईंनी, आम्हाला पाणी दिलं.

ह्यांनी पोचल्या पोचल्या परात काढली, कुदळ मागून घेतली आणि गाडीखाली शिरले. संध्याकाळपर्यंत जावईबापूंची बैठक जमली, ज्योत पेटली. ह्यांनी फ्रिजच्या मागे स्टूल टाकलं आणि तिथेच ठाण मांडलं. आम्ही तिघं अंगणात बसलो. जेवणात उडदाचं वरण, नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी होती. उडदाचं वरण आमच्याकडे कुणी करत नाही. मी दोनदा मागून घेतलं.

सुकरीबाई दुसऱ्या दिवसासाठी मडकी तयार करत होत्या. ओल्या चुन्यात फडकं बुडवून मडक्याला आतून फिरवायचं.

"हा चुना कशाला?" मी विचारलं.

"चुना लावला तर नीरा गोड ऱ्हाते," जान्याकाका म्हणाले. "नाय लावला तर सकाळीच चढते. मग ती नीरा नाय, ताडी."

"आणि अण्णांना कुठली द्यायचा तुमचे वडील? हीच ना?"

जान्याकाकांनी सुकरीबाईंकडे पाहिलं. सुकरीबाईंनी पदर तोंडावर घेतला.

"गुरुजींना चुन्याचा वास नाय आवडायचा," जान्याकाका सावकाश म्हणाले. "पहिल्या दिवशी पिले आन थुंकले. म्हनून बापूस त्यांच्यासाठी येगळं कोरं मडकं लावायचा. बिनचुन्याचं. मी शाळेत जाताना घेऊन जायचा. वाटेत ओढा, मंग टेकडी. पोचायला दहा वाजायचे. मी रोज उशिरा, पन गुरुजींनी कधी उशीर लावला नाय हजेरीत."

माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली. कोरं मडकं, मार्चचं ऊन, दहा वाजता!

"काका," मी हळूच म्हणाले, "म्हणजे अण्णा आठ वर्षं..."

"आमी काय बोलनार? लहान व्हतों. गुरुजी नीरा म्हनायचे, तर नीरा." त्यांनी डोळे मिचकावले. "दोन फुलपात्रं घ्यायचे, मंग हजेरी. आन पाढे असे शिकवायचे, गाऊन, का अजून ध्यानात हात. शनवारी पाड्यावर दारूबंदीचं भाषन. लई जोरात द्यायचे. समदे रडायचे."

आता सुकरीबाईंना आवरेना, आणि मलाही. गाडीमागून हे ओरडले, "काय झालं? ज्योत विझली का?" मी म्हणाले, "नाही हो, तुम्ही बसा."

हसून झाल्यावर मात्र मी भाकरी ताटात ठेवली. आता मला कळलं की जिवंत म्हणजे काय. पुतण्याने आणलेली, बर्फातून आणलेली, ती खरी नीरा होती म्हणूनच अण्णांना पटली नव्हती. आणि आम्ही तीन दिवस ह्या जावयाची मनधरणी करत होतो, ती चव येऊच नये म्हणून!

जान्याकाकांनी विचारलं, "सूनबाय, कुठलं मडकं लावू? चुन्याचं का कोरं?"

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू? दोन वर्षांनी म्हाताऱ्याने एक गोष्ट मागितली होती. कोरं लावा म्हणाले असते तर त्यांच्या हातात मी जाणूनबुजून ताडी दिली असती. ज्या माणसाने सुपारी खाल्ली नाही, त्याला त्याच्या सुनेने फसवायचं? आणि ह्यांना सांगितलं तर हे जाऊन अण्णांना सगळं खरं सांगून मोकळे होतील. ह्यांच्या पोटात तीळ भिजत नाही. अण्णांचं सगळं आयुष्य ताठ मानेनं गेलंय, ती मान ह्या वयात खाली घालायला लावायची?

"चुन्याचंच लावा," मी म्हणाले.

सुकरीबाईंनी फडकं चुन्यात बुडवून एका मडक्यात फिरवलं. जरा भरभरच फिरवलं, असं मला वाटलं.

पहाटे जान्याकाका ताडावरून उतरले. पायात दोर, कमरेला मडकं, आणि वयाच्या पासष्टाव्या वर्षी चाल अशी की जिन्यावरून उतरतायत. नीरा गाळून दोन लिटरच्या बाटलीत भरली. ह्यांनी तिला दोन्ही हातांनी धरून फ्रिजमध्ये ठेवलं, तापमान बघितलं, वहीत लिहिलं. मी एक पेला चाखला. गोड, निर्मळ, नारळाच्या पाण्याहून दाट. उत्तम होती. अण्णा म्हणणार होते, साखरेचं पाणी. निघताना जान्याकाका एवढंच म्हणाले, "गुरुजींना सांगा, जान्या अजून झाडावर चढतो."

जव्हारवरून परत

ह्यांनी गॅस बंद केला, फ्रिज बॅटरीवर घेतला, आणि आम्ही निघालो. बॅटरीवर असताना फ्रिजवर एक लाल दिवा लागतो. तो दिसला की सगळं ठीक. तो बघत राहायचं काम माझ्याकडे होतं.

जव्हारच्या घाटात रस्ता खोदून ठेवलेला. गाडी अशी उसळत होती की भांडी आपापल्या जागा बदलत होती. वर पोचल्यावर चहाला थांबलो. हे भज्यांच्या टपरीकडे गेले. मी मागचं दार उघडून पाहिलं, तर लाल दिवा विझलेला. वायर खेचून पाहायचीही गरज नव्हती. फ्रिजमागची पिन निघून खाली लोंबत होती. कधी निघाली कोण जाणे. बाटलीला हात लावला. ती कोमट होत चालली होती आणि आत बारीक बारीक बुडबुडे वर चढत होते.

हाक मारायला मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. दहा सेकंदांचं काम, पिन खोचायची. हे पळत आले असते.

मी दार लावून घेतलं आणि टपरीवर जाऊन म्हणाले, "अजून एक प्लेट घ्या ना. किती दिवसांनी अशी भजी मिळतायत."

"दिवा?" ह्यांनी विचारलं.

"बघितला," मी म्हणाले. बघितला होताच की.

आम्ही आणखी एक प्लेट खाल्ली. मग चहा. मग मोखाड्याला मला उगाचच देवळात जावंसं वाटलं. त्र्यंबकला फुलं घ्यायची होती. ह्यांना माझ्या भक्तीचं नवल वाटलं, पण चार दिवस फ्रिजसाठी मला राबवल्यावर नाही कसं म्हणणार?

घरी पोचलो तेव्हा चार वाजले होते. अण्णा खिडकीजवळ खुर्चीत तयार होऊन बसले होते. दाढी केलेली, धुतलेला सदरा, आणि हातात स्वतःचं पितळी फुलपात्र. त्यांना तसं वाट बघताना पाहिलं आणि मनात आलं, हीही नव्हे म्हणाले तर?

ह्यांनी गाडीतून बाटली आणली. चेहरा पांढराफटक. "पिन निघाली होती," हे माझ्याकडे बघून म्हणाले. मी खिडकीबाहेरच्या तुळशीकडे बघितलं. झाकण फिरवलं तसा फस्स आवाज झाला आणि फेस ह्यांच्या मनगटावरून खाली आला.

"अण्णा, बिघडली," हे म्हणाले. "माझी चूक. चार दिवस मी... अण्णा, त्याचं असं असतं, बॅटरीवर असताना अमोनिया..."

"श्री," अण्णा म्हणाले, "तास संपला. ओत."

हे माझ्याकडे बघत राहिले. मी बाटली घेतली आणि ओतली. अण्णांनी फुलपात्र नाकाशी धरलं. एक घोट घेतला. फुलपात्र खाली ठेवलं नाही. दुसरा घोट घेतला, डोळे मिटले, आणि सगळं संपवलं.

"ही," ते म्हणाले. "ही नीरा. बाकी सगळं लोक साखर घालून फसवतात."

हे तोंड उघडून बघतच राहिले. मी ह्यांच्या पायावर पाय ठेवला. चौतीस वर्षांत एवढं तरी ह्यांना कळतं.

अण्णांनी दुसरं फुलपात्र मागितलं. मी अर्धंच दिलं. मग त्यांना भूक लागली. वरण-भात मागितला, आपण होऊन, तूप घालून. जेवून झाल्यावर त्यांनी पाठ ताठ केली, चष्मा लावला आणि समोरच्या भिंतीकडे बघून हजेरी घ्यायला सुरुवात केली. एकेक नाव घ्यायचे आणि थांबायचे. साठ वर्षांपूर्वीची नावं, त्याच क्रमाने, गाल लाल झालेले. हे दारात उभे होते आणि डोळे पुसत होते.

"जान्या," अण्णा म्हणाले.

थांबले. मग माझ्याकडे वळून बघितलं.

"हजर," मी म्हणाले.

"उशिरा का आलास?"

"गुरुजी, तुमचं मडकं उतरवत होतो."

अण्णा हसले. "बरं, बस खाली," ते म्हणाले आणि त्यांनी पुढचं नाव घेतलं.